चौथी ओळ

“परत म्हण,” साहेब म्हणाला.

मी परत म्हणालो. “एल, पी, ई, डी.”

अख्खा मंडप हसला. साहेबाने मोबाईल माझ्यावर धरला होता, तो हसण्याने हलत होता. पांढऱ्या कोटातला डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसला. ऑफिसातल्या मॅडमने तोंडाला रुमाल लावला. माझ्यामागे रांगेत उभे असलेले ड्रायव्हर, माझेच भाऊबंद, तेही हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांना तो तक्ता माझ्याइतकाच धूसर दिसत होता, हे मला माहीत होतं.

“अरे, मराठी तक्ता आहे तो,” साहेब म्हणाला. “चौथ्या ओळीत र, ग, न, प लिहिलंय. तू एबीसीडी कुठून आणलीस? डोळे आहेत का बटणं?”

ही चाकणमधल्या एका कंपनीच्या गेटवरची गोष्ट. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता आणि हा साहेब कंपनीचा सेफ्टी ऑफिसर होता, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मंडपाच्या कमानीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘चालक आमचा पाहुणा’. पाहुण्यांनी चपला बाहेर काढायच्या होत्या. पाहुण्यांनी शर्ट आधीच काढून हातात धरायचा होता, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल. मंडपात खुर्च्या होत्या, पण त्या स्टाफसाठी. माझं बनियन काखेत फाटलेलं होतं. हात वर केला की दिसायचं, म्हणून मी दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा होतो. शाळेत उभा राहायचो तसाच.

डॉक्टरने लाल पेनाने माझ्या कागदावर ‘अनफिट’ लिहिलं. साहेबाने माझा गेटपास काढून घेतला आणि सिक्युरिटीच्या भिंतीकडे बोट केलं. “तिथं बस.” तिथे खुर्ची नव्हती. मी फरशीवर बसलो. आतबाहेर करणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून जात होता.

हसले त्याचं मला तितकं लागलं नाही. हसू जन्मभर ऐकलंय. मला लागलं ते हे, की त्याने परत म्हण म्हटल्यावर मी परत म्हणालो. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. माझी जीभ आपोआप हलली.

आता ती एबीसीडी कुठून आली ते सांगतो.

ट्रकवाल्याला लायसन नवं करताना डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे नीट आहेत, ऐकू येतं, आकडी येत नाही, हातपाय धड आहेत. आमच्या लाइनीत हा दाखला भोसरीतल्या एका दवाखान्यात निघतो. एजंट दहा-बारा ड्रायव्हर एकदम घेऊन जातो. डॉक्टर मान वर करत नाही. “दिसतं का?” “दिसतं.” शिक्का. कधी त्याला लहर आली तर म्हणतो, “चौथी ओळ वाच.” तिथला तक्ता इंग्रजी आहे आणि तो वर्षानुवर्षं तोच आहे. म्हणून चाकणजवळच्या निघोज्याच्या चहाच्या टपरीवर तो तक्ता सगळ्यांना पाठ. जुना ड्रायव्हर नव्याला शिकवतो. मला नांदेडच्या दत्ताभाऊंनी शिकवला. ते म्हणाले, “पाढ्यावानी म्हणायचं बघ. थांबलास की पकडला गेलास.” मी वरून खाली पाठ केला, खालून वर पाठ केला. तक्ता बदलला तर काय, हा विचार आमच्या कुणाच्या डोक्यात आलाच नाही. मंडपात तर मी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौथी ओळ म्हटलं की तोंडातून एल, पी, ई, डी बाहेर पडतं.

तुम्ही म्हणाल, मग चष्मा का नाही घातला? आमचा ट्रान्सपोर्टवाला निघोज्यातलाच. बापजाद्यांची जमीन कंपन्यांत गेली, त्यातून त्याने गाड्या घेतल्या. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो पहिल्याच दिवशी सांगतो, “चष्मेवाला डायवर आपल्याला न्हाई चालत. कंपनीवाले नाक मुरडत्यात.” टपरीवर सगळे म्हणायचे की चष्मा लागला म्हणजे लायसन गेलं. मीही तेच धरून चाललो. बायको भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते, मुलगी शाळेत आहे, खोली भाड्याची. लायसन गेलं तर मी परभणीला परत जाऊन काय करणार होतो? तिथे माझ्या नावावर एक वीतभर जागा नाही.

भिंतीशी बसल्या बसल्या मला ती बाई आठवली. तळेगाव-चाकण रस्त्यावर, शिफ्ट सुटायच्या वेळेला, संध्याकाळी. मला समोर काहीतरी करडं दिसलं. मला वाटलं, दुभाजकाचा दगड असेल. दगड हलला तेव्हा मी ब्रेकवर उभा राहिलो. ती बाई बंपरला हात टेकवून उभी होती. कंपनीचा करडा कोट, हातात डब्याची पिशवी.  तिने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. त्या दिवशी मी गाडी बाजूला लावली आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. घरी सांगितलं नाही. टपरीवर सांगितलं तर दत्ताभाऊ म्हणाले, “होतं असं. गाजर खात जा.”

तर मी भिंतीशी बसलो होतो. मनातल्या मनात साहेबाला शिव्या घालत होतो, आणि खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. अनफिट म्हणाले. आता तरी कुणी डोळे बघेल.

कुणी बघितले नाहीत. दुपारची जेवणं झाली तसा डिस्पॅचवाला पळत आला. माझी गाडी भरलेली होती. माल तमिळनाडूत होसूरला जायचा होता, तिकडच्या कारखान्याची लाइन पार्टसाठी अडणार होती. दादाने फोनवर सांगितलं की दुसरा ड्रायव्हर आज नाही. मग साहेब, डिस्पॅचवाला आणि डॉक्टर मंडपाच्या कोपऱ्यात उभे राहून काहीतरी बोलले. मी इतक्या लांबूनही ओळखलं काय चाललंय ते. ते ओळखायला डोळे लागत नाहीत.

साहेबाने मला हाक मारली. टेबलावर नवा कागद होता. डॉक्टरने त्यावर माझं नाव लिहिलं, गुलाबजाम तोंडात टाकला आणि शिक्का मारला. फिट.

“घे,” साहेब म्हणाला. “झालं तुझं काम. निघ आता, ऑलरेडी लेट झालाय.”

त्याने गेटपास पुढे केला. मी हात पुढे केला नाही.

“साहेब, माझे डोळे?”

“डोळ्यांचं नंतर बघू. परत आलास की ये.”

“सकाळी बटणं होती,” मी म्हणालो. “आता डोळे कसे झाले?”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तो मोठा नव्हता, पण मंडपात सगळ्यांनी ऐकला. मॅडमने मान खाली घातली. डॉक्टरने गुलाबजाम गिळला आणि मोबाईलमध्ये बघायला लागला.

“जास्त बोलू नको,” साहेब म्हणाला.

“जास्त नाही बोलत. एवढंच बोलतो. मला चौथी ओळ दिसत नाही. पहिलीही नीट दिसत नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्याचा व्हिडिओ काढलाय. या डोळ्यांनी मी होसूरपर्यंत गाडी नेणार नाही.”

मी गाडीची चावी टेबलावर ठेवली, मिठाईच्या बॉक्सशेजारी. शर्ट अंगात घातला, सगळी बटणं लावली. मग चपला घातल्या.  मी रस्त्यावर आलो. भीती वाटत होती आणि रागही येत होता. राग जास्त होता.

दादाचा फोन लगेच आला. “लय शाना झालास व्हय रे? आरं लेका, कंपनी माझ्या हातातनं जाईल. गुमान परत फीर.”

“नाही दादा.”

“मग उद्यापास्नं येऊ नगंस. आन् दुसरीकडं कुटं लागतोस त्ये बी बघतो मी.”

“बघा.”

त्याच संध्याकाळी मी भोसरीत एका चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार मुलगी होती, पंचविशीची. तिने माझ्या नाकावर लोखंडी फ्रेम चढवली आणि त्यात भिंगं घालत गेली. “आता? आता? हे बरं की ते?” चौथ्या-पाचव्या भिंगाला भिंतीवरची अक्षरं उठून समोर आली. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, “काका, दिसत नाही का?”

मी विचारलं, “चष्मा लावून ट्रक चालवता येतो का?”

“का नाही येणार? चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं की. माझ्याकडे किती ड्रायव्हर येतात. तुम्हाला कोण म्हणालं?”

कोण म्हणालं. सगळे म्हणाले. ज्यांची सोय होती ते म्हणाले, आणि ज्यांची नव्हती ते ऐकून ऐकून म्हणाले. मी इतकी वर्षं लायसन जाईल या भीतीने आंधळ्यासारखी गाडी हाकली, आणि भीती होती नुसत्या थापेची.

चष्मा हातात आला त्या दिवशी मी दुकानाबाहेर उभा राहून समोरच्या पाट्या वाचल्या. पंक्चर काढून मिळेल. भाड्याने खोली मिळेल. लांबची बस आली, तिचा नंबर वाचला. आणि एकदम मला आमच्या गावची शाळा आठवली. तिथे आमच्या वस्तीची पोरं मागे बसायची. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आम्ही मागेच बसायचो. गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि मला उठवायचे. वाच. फळा मला नुसता काळा दिसायचा. “डोळे आहेत का बटणं?” मग पट्टी. “या लोकांच्या डोक्यात शिरतच नाही,” असं ते दुसऱ्या गुरुजींना म्हणायचे, माझ्यासमोर. मी ते खरं मानलं. सातवीत शाळा सोडली तेव्हा माझ्या बापानेही मानलं. मी मठ्ठ आहे हे मी तीस वर्षं अंगावर घेऊन फिरलो. भोसरीच्या त्या फुटपाथवर मला कळलं, की मी मठ्ठ नव्हतो. मला फळा दिसत नव्हता. एकाही माणसाने मला दोन रांगा पुढे बसवून बघितलं नाही.

मला रडू आलं नाही. माझा संताप झाला. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

दादाने शब्द पाळला. बरेच दिवस कुणी मला गाडी दिली नाही. तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. टपरीवर गेलो की कुणीतरी म्हणायचं, “या, एलपीईडी.” मी चष्मा नाकावर ठेवूनच चहा पीत होतो. एके दिवशी दत्ताभाऊ शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “तुझा चष्मा जरा दे रे भावा, बघू दे.” त्यांनी तो डोळ्यांना लावला, रस्त्याकडे बघितलं, काढला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी एक नवा ड्रायव्हर त्यांच्याकडे तक्ता शिकायला आला. दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “नाही. याला कुणी काही शिकवायचं नाही. याला दुकानात घेऊन जा.”

पुढे पिंपरीतल्या एका माणसाने मला गाडी दिली. त्यालाही चष्मा खटकला होता. “गेटवर काढून ठेवत जा,” तो म्हणाला. मी म्हणालो, “चष्मा काढला की मीही उतरतो.” त्याची गाडी अडली होती, म्हणून त्याने चालवून घेतलं. त्याला माझा पुळका आलाय असं मला मुळीच वाटत नाही.

मागच्या महिन्यात लायसनची मुदत संपत आली. एजंट आम्हाला भोसरीतल्या त्याच दवाखान्यात घेऊन गेला. तोच डॉक्टर, तोच तक्ता, पिवळा पडलेला. माझी पाळी आली. त्याने मान खाली घालूनच विचारलं, “दिसतं का?” आणि शिक्का उचलला.

मी टेबलावरच्या कागदावर तळहात ठेवला.

“तपासा,” मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “अहो, दिसतं ना तुम्हाला? चष्मा आहे की.”

“मला विचारू नका. तपासा. डोळे, कान, बीपी. कागदावर जे जे लिहिलंय ते सगळं.”

“मागे रांग लागलीये.”

“लागू दे.”

एजंट माझा दंड ओढायला लागला. मागून कुणीतरी शिवी घातली, कुणीतरी हसलं. दारात उभ्या असलेल्या दत्ताभाऊंनी त्या दोघांना गप्प केलं. डॉक्टर म्हणाला की हा कागद म्हणजे नुसती फॉर्म्यालिटी आहे. मी म्हणालो, तळेगाव-चाकण रस्त्यावर एक बाई आहे, तिला येऊन हे सांगा.

मी खुर्चीत नीट बसलो. पाय रोवून. माझा तळहात कागदावरच होता आणि शिक्का त्याच्या हातात वरच्या वर होता.

“तुम्ही मला तपासल्याशिवाय माझ्या नावावर शिक्का मारायचा नाही,” मी म्हणालो. “आणि माझ्यामागे जे उभे आहेत, त्यांनाही तपासल्याशिवाय नाही. तोपर्यंत मी इथून उठत नाही.”

त्याने शिक्का खाली ठेवला आणि तक्त्यावरचा दिवा लावायला उठला.