सज्जनबाईंची परखी

धुळ्याच्या धान्यबाजारात सज्जनबाईंचा संशय प्रसिद्ध होता. नवऱ्यामागे दुकान हाती घेतल्यापासून त्या वरच्या दाण्याला कधी भुलल्या नाहीत. शेतकरी कितीही ओळखीचा असो, परखी, म्हणजे पोत्यात खुपसून आतलं धान्य काढायची टोकदार नळी, वर, मध्ये, तळाशी अशी तीनदा मारायच्या. बाई देवाच्या प्रसादालाही परखी लावेल, असं बाजार म्हणायचा. म्हणेना का!

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या डाव्या स्तनात गाठ लागली. धाकटे दीर भंवरलाल त्यांना मुंबईला घेऊन गेले. तिथे स्तनाचा खास एक्स-रे निघाला, त्यात काहीच वावगं दिसलं नाही. धुळ्यात परतल्यावर देवपूरच्या घरी भंवरलालांनी पेढे वाटले. धुळ्याच्या सर्जनने मात्र गाठ चाचपून सांगितलं, की काही गाठी फोटोत दिसतच नाहीत, काढून तपासावी लागेल. भंवरलाल भडकले. सुरी लागली की रोग अंगभर पसरतो, अशी त्यांची पक्की समजूत. सर्जनने ती खोडून काढली, पण ऐकतो कोण? सज्जनबाईंना दोघांचाही संशय आला. फोटो खरा, तर हा सुरी का परजतोय? आणि खोटा, तर मुंबईवाले इतकं गोड का बोलले?

अशात ओळखीचा शेतकरी हिलाल ज्वारी घेऊन आला. "बठ्ठा माल एकसारखा शे, अक्का," तो म्हणाला. वरचा दाणा मोत्यासारखा, मधलाही चोख. तळाच्या परखीत मात्र काळी, बुरसटलेली ज्वारी आली. हिलालचा चेहरा पांढराफटक पडला. पोतं ओल्या जमिनीवर राहिलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. सज्जनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा खोटं बोलत नव्हता. त्याला वरून दिसलंच नव्हतं.

दुपारीच त्या सर्जनकडे गेल्या. तुकडा एकाच जागचा घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. सर्जन हसले आणि अख्खी गाठच काढतो म्हणाले.

आठ दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर होता. वेळेत सापडलाय, मोठं ऑपरेशन करून टाकू, असं सर्जन म्हणाले. बाहेरच्या बाकावर भंवरलाल मान खाली घालून बसले होते.

"भाभी, तुमचा संशय खरा निघाला."

नवरा गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेल्या सज्जनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"जन्मात एकदा तरी तो खोटा निघायला हवा होता, भंवरलालजी."