मोगरीच्या नावाची पावडर

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात सगळ्याच गोष्टींचा तुटवडा. लस मागा, येत नाही. खुर्ची मागा, येते, पण एक पाय कमी घेऊन. किस्से मात्र न मागता येतात आणि ठेवायला कपाट नाही म्हणून माझ्या डोक्यात साठतात. संध्याकाळी नागपूरला घरी पोचलो की बायको म्हणते, "आधी आंघोळ, मग गप्पा." गोठ्याचा वास जातो. किस्से काही जात नाहीत.

मी पशुधन पर्यवेक्षक. कुहीच्या पुढे, धानाच्या पट्ट्यातलं एक गाव. अख्ख्या नोकरीत मी एकच वाक्य बोलत आलोय: "भाऊ, जनावराले खनिज मिश्रण चारा!" धानाच्या तणसानं, म्हणजे पेंढ्यानं, पोट भरतं, पण कॅल्शियम, फॉस्फरस त्यात असून नसल्यासारखं. हे आता मी झोपेतही सांगतो म्हणे. बायको म्हणते, झोपेत तरी निदान आवाज चढत नाही.

हे सगळे किस्से एकाच गोठ्यातले. गोठा देवाजीचा, गाय मोगरी, आणि मोगरीवर जीव कौशल्याबाईचा, म्हणजे देवाजीच्या बायकोचा. मोगरी गाभणच राहत नव्हती. रेतन करून भरवली की उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची. शेवटी देवाजीनं मोगरीसमोर उभं राहून जाहीर केलं, "या बारीनं उलटली का टेम्पोत टाकतो अन् बाजारात नेतो!"

त्या दिवसापासून कौशल्याबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायची, पण बोलायची गायीशी. "सांग वं मोगरे त्याईले, भाजी गरम हाय म्हणा."

*

पहिल्यांदा आमच्या डॉक्टर मॅडमना घेऊन गेलो. मॅडम कोल्हापूरकडच्या, नव्यानंच आलेल्या, उत्साह ताजा. मोगरी तेव्हा चपला खायची. दोरीवरचा टॉवेल खायची. भिंत चाटून चाटून तिनं गोठ्याला खिडकी पाडायचीच तेवढी बाकी ठेवली होती.

"अंगात फॉस्फरस कमी पडलंय, म्हणून हे असलं खाते," मॅडम म्हणाल्या आणि गोठ्यातच शिबिर लावलं. भिंतीवर कणकेच्या खळीनं पोस्टर चिकटवलं. त्यावर तुकतुकीत गाय, खाली खनिज मिश्रणाचे फायदे. गावातले चार लोक मांडी घालून बसले. मॅडम पोस्टरकडे पाठ करून बोलत होत्या. समोरची मंडळी एवढी टक लावून ऐकतेय बघून त्यांना भरून आलं.

मागे वळल्या तर भिंत कोरी! मोगरीच्या तोंडातून तुकतुकीत गायीची फक्त शेपटी लोंबत होती.

देवाजी शांतपणे म्हणाला, "तुमी सांगा मॅडम, आम्ही आयकून रायलो. तिनं तं पुरा पाठ करून टाकला!"

*

मग चाटण-वीट दिली. खनिजं आणि मीठ दाबून केलेली ही वीट गोठ्यात टांगायची. जनावर येता-जाता चाटतं, सहा-आठ आठवडे सहज पुरते. इथे आठवड्यातच वीट साबणाच्या चिपेएवढी झाली. मी हरखलो. म्हटलं, चला, एकदाची कोणीतरी गोष्ट ऐकली!

तेवढ्यात कौशल्याबाई बादली घेऊन आली. वीट काढली, पाण्यात बुडवली आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासायला लागली.

"बाई! हे काय करून रायल्या?"

"शेजारची म्हैस येऊन जीभ लावून जाते साहेब. रोज धुवा लागते. आमची मोगरी कोणाचं उष्टं खात नाही!"

"अन् चपला खाते त्या?"

"त्या घरच्याच असते ना!"

मी खाटेवर टेकलो.

*

वीट गेली, मग पावडरची पिशवी दिली. महिन्याभरानं नागपूरहून मोठे साहेब पाहणीला आले. पिशवी संपलेली. मोगरीच्या बरगड्या मात्र होत्या तशाच, लांबून मोजून घ्या. तरी साहेब खूश. देवाजीला विचारलं, "पावडर नियमित देता?"

"नेमानं, साहेब. सकाळी चहाच्या आधी."

"फरक काय वाटतो?"

"उठता-बसता येते आता. आधी भिंत धरा लागे."

"अरे वा! आणि दूध?"

देवाजीनं आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "दूध म्या कुठून देऊ साहेब?"

साहेब गाडीत जाऊन बसले. मी देवाजीला बाजूला घेतलं. "काहून खाल्ली गा तू? मॅडम म्हणाल्या का नाही, पावडर गायीच्या हाडासाठी आहे म्हणून?"

"मंग माणसाची हाडं का सागवानाची रायते?"

मॅडमनी त्याला आधी तालुक्याला माणसांच्या डॉक्टरकडे पिटाळलं आणि पावडरला पुन्हा हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. त्या दिवशी परतताना मॅडमनी उरलेली पोस्टरं मोटारसायकलच्या सीटवर अंथरली आणि त्यांच्यावरच बसल्या. मी ओळखलं, मॅडम आता आमच्यातल्या झाल्या.

*

नवी पिशवी कौशल्याबाईनं लपवली. कुठे? तांदळाच्या डब्यामागे. "ती जागा त्याईनं लग्नापासून पाह्यली नाही," ती म्हणाली. आणि खरंच, पावडर मोगरीच्या पोटात जायला लागली. हळूहळू कातडीला चमक आली, चपला अंगणात सुखानं नांदू लागल्या.

पुन्हा भरवली. मधे दोन-तीन महिने गेले. मॅडमनी तपासायला हात घातला तेव्हा अर्धी गल्ली गोठ्यात उभी. टेम्पोवालाही येऊन उभा, कारण देवाजीनं त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं.

"राहिलीय," मॅडम म्हणाल्या.

टेम्पोवाला म्हणाला, "बरं झालं. तिच्या डोळ्यात पाहून मलेच कसंतरी होऊन रायलं होतं." आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

कौशल्याबाई गायीला म्हणाली, "सांग वं त्याईले, च्या ठेवला हाय."

*

मोगरी व्याली. कालवड झाली, चरवीभर दूध आलं, गल्लीत पेढे फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, मोगरी उठत नाही.

गेलो तर मान पोटाकडे वळवून पडलेली, कान बर्फासारखे गार. बाया भोवती बसलेल्या. कौशल्याबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं.

"अंगातलं कॅल्शियम दुधात उतरलंय," मॅडम म्हणाल्या आणि शिरेत सुई लावली. बाटली मी धरली, हात वर करून. थेंब थेंब.

"भरभर सोडा ना मॅडम!" कोणीतरी ओरडलं.

"भरभर सोडलं तर काळीज थांबेल तिचं!"

माझा हात आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा राहिलाच नाही. बाटली संपली. मोगरी होती तशीच. मॅडमनी स्टेथोस्कोप छातीला लावला, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "थांबूया थोडं."

थांबलो. कालवड आईची कास शोधत फिरत होती.

मग कौशल्याबाईनं मान वर केली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट नवऱ्याकडे बघून बोलली, "तिच्यासमोर बाजाराचं तुमीच बोलले होते. आता तुमीच बोला तिच्याशी."

देवाजी गोरामोरा झाला. एवढ्या बायांसमोर! त्यानं मॅडमकडे बघितलं, म्हणजे मॅडम काहीतरी शास्त्राचं सांगतील आणि सुटका होईल.

मॅडम थकल्या होत्या. रिकाम्या बाटलीला नळी गुंडाळत म्हणाल्या, "बोला काका. माझं सगळं देऊन झालंय."

देवाजी गुडघ्यावर बसला, मोगरीच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागला. काय बोलला, कोणालाच ऐकू आलं नाही. मला वाटलं एक वाक्य बोलेल, पण बराच वेळ बोलत होता. मधे एकदा थांबला, उपरण्यानं नाक पुसलं, पुन्हा बोलला.

मोगरीनं अंग थरथरवलं. ढेकर दिला. पुढचे गुडघे टेकले, मागचं उचललं आणि उभी राहिली!

परतताना मॅडम मोटारसायकलवर माझ्या मागे. म्हणाल्या, "कॅल्शियमला तेवढा वेळ लागतोच."

"हो मॅडम."

"पुस्तकात तसंच दिलंय."

"हो मॅडम."

कुही मागे पडलं. मग मागून आवाज आला, "पण काय म्हणाले असतील हो ते?"