चुन्याची वाकडी रेघ

"माझी रेघ काहून मोडली, बा?"

"मोडली न्हाई, सरळ केली. मुकादम हाव मी. झोपेत बी दोरी वाकडी लावत न्हाई."

"पण वाकडीच लावायची व्हती!"

"ऐका रे, ऐका!" गोपीचंद आडेनं हातातली भाकर वर केली. "पंधरा वर्षं शाळा शिकली अन् बापाला म्हणून राहिली, वाकडं खांद!"

कडुनिंबाखाली जेवायला बसलेली सगळी टोळी हसली. निलम हसली नाही. साखरा गावाच्या वरच्या माळावर तिच्या पायाशी पाणी अडवायला नवा खणलेला चर होता, रुळासारखा सरळ. हिंगोलीला दोन दिवसांच्या वर्गाला जाण्याआधी तिनं याच उतारावर चुन्याची रेघ आखून दिली होती. तीन काठ्यांचा तिकोना आणि मधोमध दोरीला टांगलेला दगड, एवढ्या सामानावर पाऊल पाऊल एकाच उंचीची जागा शोधत तिनं ती ओढली होती. रेघ माळाच्या अंगानं वळत गेली होती, कुठं आत, कुठं बाहेर. गोपीचंदनं ती पाहिली आणि त्याला वाटलं, चुकली. पोरगी नवीन, हात थरथरला असेल, तपासायला येणारे सर हसतील हिला! म्हणून त्यानं दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि लेकीची अब्रू वाचवली.

आणि नेमकं तिथंच सगळं बिघडलं.

निलम बी.एस्सी. झाली तेव्हा तांड्यात दोन मतं होती, लग्न आणि डी.एड. तिनं तिसरंच काढलं. पर्यावरण आणि पाणलोटाचं एक वर्षाचं पदवीनंतरचं प्रमाणपत्र. त्यातला अर्धा काळ वर्गात, अर्धा काळ गावोगावी प्रत्यक्ष कामावर, तोही पगारी. "शिकणारीलाच पगार?" तिची याडी, म्हणजे आई, रुख्मिणीबाई पहिला महिनाभर हेच विचारत होती. "बघ बाई, फसवतेत का काय!"

पहिली नेमणूक जवळा बाजारला, आठवडी बाजाराच्या कचऱ्यावर. सडका भाजीपाला वेगळ्या खड्ड्यात टाका, असं ती पालापालावर जाऊन सांगायची. भाजीवाले शेषराव एकदा तडकले, "बाई, तुला झाडायला ठेवलंय का शिकवायला?"

"दोन्हीला, काका. अन् दोन्हीचा पगार घेते."

शेषरावांनी तिच्याकडं बघितलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि सडक्या टमाट्यांची पाटी गुपचूप खड्ड्याकडं नेली. निलमचं बोलणं असंच, सरळ समोर ठेवलेलं. लहानपणी तीजेच्या सणाला तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू पेरून हौसेनं घागरी रिकाम्या करायच्या. ही मापानं पाणी द्यायची. सगळ्यांच्या टोपल्या कुजायला लागल्या की हिचीच हिरवी. पोरी चिडायच्या, मग पुढच्या वर्षी हिलाच विचारायला यायच्या.

दुसरी नेमणूक घराजवळच्या याच माळावर मिळाली. मजूर तांड्याचे आणि मुकादम बाप. हा चर नापास झाला तर नेमणूक नापास, आणि मग प्रमाणपत्रही नाही. पाहणी उद्याच होती.

"बा, ह्यो आजच बुजवा. पुन्ना खांदू."

"बुजवा?" गोपीचंद उभा राहिला. "कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर जाऊन बघ माझं काम! एक इंच हालला न्हाई अजून."

"त्यो रस्ता हाय. त्याच्यावरचं पाणी पळालं पायजे. ह्यो चर हाय. ह्याच्यात थांबलं पायजे."

"थांबल की! खड्डा हाय तर थांबल!"

निलमनं इकडं तिकडं पाहिलं. झाडाखालच्या दोन भरल्या घागरी उचलून ती चराशी गेली.

"अगं ए! प्यायचं पाणी हाय ते!" रुख्मिणीबाई धावली.

तोवर एक घागर चरात पालथी झाली होती. पाठोपाठ दुसरी. टोळी भाकरी हातात घेऊन काठावर आली. पाणी क्षणभर जागेवर घुटमळलं, मग कुणीतरी हाक मारल्यासारखं एकाच बाजूला निघालं. मातकट पाणी पार टोकाला जाऊन साचलं आणि तिथल्या ओल्या कडेचं एक ढेकूळ धप्पकन आत पडलं. बाकीचा चर कोरडा.

"दोन घागरीला ढेकूळ," निलम म्हणाली. "मिरगाच्या पावसात काय व्हईल?"

तांड्याचे म्होरके, नाईक हिरासिंग सावलीत बसून सगळं बघत होते. ते काठी टेकत आले. त्यांच्यापुढं निलमनं पदर सारखा केला, पण मागं सरली नाही.

"पोरी, बापाचा चर बुजवायला लावतीस, तेबी समद्या टोळीपुढं?"

"नाईकबा, बाची दोरी बराबर हाय. माझी रेघ वाकडी काहून, ते मी सांगून गेले न्हाई. तेवढी चूक माझी. पण मी सांगितलं न्हाई म्हणून पाणी सरळ चरात थांबत न्हाई." मग ती बापाकडं वळली. "मला टोळी दुसरी बी मिळंल. साखऱ्याचे मजूर येतीन. पण मला हा माळ तुमच्याच हातानं पायजे. सर आले की मी म्हणणार, आखणी माझी, खांदणी माझ्या बाची. म्हणू का?"

गोपीचंदनं चरातलं पडलेलं ढेकूळ बघितलं. कडेची माती बोटांत धरून चुरगाळली.

"बोल ना रं गोपीचंद," हिरासिंग म्हणाले. "पोरगी इचारून राहिली."

"आधी भाकर तरी खा," रुख्मिणीबाईनं नवऱ्याला मधेच टोकलं. "म्हणू का, इचारतीया ती. व्हय म्हणा, न्हाई म्हणा!"

गोपीचंदनं अर्धी भाकर फडक्यात गुंडाळून बायकोच्या हातात दिली. धोतराचा सोगा खोचला, दोन्ही खुंट्या उपटून काखेत मारल्या आणि कुणाकडं न बघता, जिथं चुन्याची रेघ अजून पुसट दिसत होती त्या वरच्या अंगाला चढू लागला.