हात सोडा, तिची ती जाऊ द्या

"हात सोडा. तिची ती जाऊ द्या."

दुरुस्त गाडी ढोकीच्या रस्त्यावर काढली की आमचे मिस्त्री असं म्हणायचे आणि शेजारच्या सीटवर फडक्याला हात पुसत बसायचे. स्टेअरिंग सोडूनही गाडी नाकासमोर गेली, तरच काम झालं. चाकांची जुळणी ते दोरी ताणून, एक डोळा मिटून करायचे. असा कमी बोलणारा कारागीर तुम्हीही पाहिला असेल.

उसाच्या ट्रॉलीवर आदळून माझ्या जीपचं तोंड चेपलं. मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून ती उभी केली. पुढचे दोन टायर मात्र मी सोलापूरहून आणले, भाव पाडताना दुकानदाराला घाम फोडून.

गाडी डावीकडं ओढू लागली.

मिस्त्रींनी तीनदा दोरी लावली. मग म्हणाले, "मालक, जुळणी बरोबर हाय. पुढचे टायर इकडचे तिकडं करू. वढ उजवीकडं गेली, तर टायरात खोट."

शून्यातून वर आलेला माणूस मी. माझ्या खरेदीत खोट?

"स्वतःचं काम झाकतोस व्हय रे?" वडिलांच्या वयाच्या माणसाला मी चार ट्रॅक्टरवाल्यांसमोर अरेतुरे केलं.

"येकदा बघू तरी, मालक."

मी गाडी काढली. पुढं साखर कारखान्याच्या फाटकापासून हॉटेलापर्यंत सांगत सुटलो, त्यांच्याकडं जाऊ नका.

दोन महिन्यांनी तुळजापुरात पंक्चरवाल्यानं पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि बसवताना अदलाबदल केली. गाडी उजवीकडं ओढू लागली. मी ती कडेला घेतली.

ढोकीला गेलो, तर गॅरेज बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "गेले की लेकीकडं, उमरग्याला. गिऱ्हाईकच येईना." गाळणं झटकत पुढं म्हणाला, "तुमीच सांगत व्हता न्हवं, जाऊ नका म्हणून?"

एक राग माझ्या मनात अजून आहे. त्यांनी मला चारचौघांत एक शिवी हासडायला हवी होती. मी तिथंच टायर इकडचे तिकडं करून बघितले असते.

आता टायर नवे आहेत. मिस्त्रींचं विसरलेलं फडकं शेजारच्या सीटवर तसंच आहे. दोनदा उमरग्याला निघालो. मोकळ्या रस्त्यावर हात सोडले. गाडी नाकासमोर, त्यांच्या लेकीच्या गावाकडं चालली होती. दोन्ही वेळा नळदुर्गाजवळ मीच स्टेअरिंग धरलं आणि गाडी माघारी वळवली.