पालेभाजी आणि धातूची झडप

“मॅडम, हिनी टिकटिक ऐकू येत नही.”

धुळ्याच्या आमच्या हॉस्पिटलात पेशंटच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि मी खुर्चीतून उठले. सून, संगीता, स्ट्रेचरवर धापा टाकत होती. मागच्या वर्षी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. अशी झडप उघडझाप करताना टिकटिकते. आवाज थांबला, की झडप अडकल्याची शंका घ्यायची.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. झडपेवर रक्ताची गुठळी.

धातूवर रक्त गोठतं, म्हणून या पेशंटना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त किती पातळ आहे हे आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. तिचा आकडा अडीचच्या वर हवा होता, निघाला दीड.

“गोळ्या चुकवल्या?”

“एक बी नही,” नवरा म्हणाला.

“मग खाण्यात काय बदललं?”

सासूबाईंचा चेहरा उजळला. “मी रोज मेथी, पोकळा, शेवगाना पाला खावाडस तिले. हिरवा पाला हृदयले चांगला शे ना!”

चांगलाच आहे, तुमच्या-माझ्या हृदयाला. पण याच पाल्यातलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं, आणि ती गोळी नेमकी त्याच्याविरुद्ध काम करते. पाला एकदम वाढला, गोळी कमी पडली.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू केलं. त्यात एक धोका असतो, सुटलेला तुकडा मेंदूत जाण्याचा. तो गेलाच. झडप मोकळी झाली, पण संगीताचा डावा हात लुळा पडला.

“मॅडम, मीच करं का हाई?” सासूबाईंनी विचारलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. फार वाईट वाटलं.

“तुम्ही जीव लावलात, आक्का.”

“आते आमना घरमा पाला बंद. बठ्ठा बंद!”

“अजिबात नाही!” मी ओरडलेच. गोळीचा डोस आम्ही वाढवला होता. आता पाला तोडला तर रक्त नको तेवढं पातळ होऊन रक्तस्राव व्हायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. “रोज वाटीभर द्या. मेथी स्वस्त झाली म्हणून जास्त नाही, महागली म्हणून बंद नाही.”

आक्का नकारार्थी मान हलवत राहिल्या. शेवटी संगीतानं उजव्या हातानं त्यांचा पदर ओढला. “आत्याबाई, घर जाईसन वाटीभर मेथी करज्यात. तुमनाच हातनी.”

आक्का तिथेच रडू लागल्या.

हल्ली ही गोळी लिहून देताना मी घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही आत बोलावते. नुसतं पेशंटला सांगून भागत नाही. ताट तो वाढत नसतो.