आमच्या शाळेच्या तळ्याचे हक्कदार

जलाधिपती वरुणदेवास वंदन करून लिहितो. आमच्या शाळेतील तळ्याने यंदा तिसरा पावसाळा पाहिला. या निमित्ताने त्याच्या पहिल्या वर्षीची हकीकत नोंदवून ठेवावी, असे वाटले.

सरपंच मंदाताई हेडमास्तरांच्या समोर बसल्या होत्या. गणेशचतुर्थीस आठवडा उरला होता.

"सर, यंदा गावचे सारे गणपती तुमच्या तळ्यात बुडवायचं ठरलं हाये," त्या म्हणाल्या. "नाल्यावर जायचं म्हणजे गुडघाभर चिखल. माह्या सासूचा मागच्या साली पाय मुरगळला, अजूनही लंगडून राह्यली."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. पाहणे स्वाभाविक होते. मी संस्कृतचा शिक्षक; परंतु विज्ञानाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यामुळे इको क्लबचा चार्ज माझ्याकडे आला होता आणि तळे हे इको क्लबचे काम होते.

आमची शाळा मुकुटबनच्या रस्त्यावर आहे. तळ्याचा खोल भाग ग्रामपंचायतीने पाठविलेल्या जेसीबीने खणला. उथळ काठ आठवीच्या मुलांनी. एक काठ उथळ ठेवावा लागतो, म्हणजे मुले सुरक्षित राहतात आणि बेडकांना चढता-उतरता येते. तळाला चिकणमाती पसरून मुलांनी पी.टी.चे दोन तास ती पायांनी तुडविली. माती अशी बसली की पाणी मुरत नाही. तळे भरल्यावर मुलांनी रजिस्टर सुरू केले. जो जीव दिसेल त्याचे नाव, तारीख आणि पाहणाऱ्याची सही. भाद्रपदापर्यंत अकरा नावे झाली. त्यांतले महत्त्वाचे नाव चतुराच्या पिल्लांचे. चतुर आकाशात उडतो, पण त्याचे बालपण पाण्यात जाते आणि तेथे तो डासांच्या अळ्या खातो. आमची पिल्ले मोठी झाली होती. चार-दोन आठवड्यांत बाहेर येतील, असा मुलांचा अंदाज होता. मूर्तींचा रंग आणि प्लास्टर तळाशी बसले असते, तर त्यांतले एकही पिल्लू वाचले नसते.

मी हे मंदाताईंना सांगितले. त्या माझ्याच विद्यार्थिनी.

"गुरुजी, उद्घाटनाले मी होती ना. तुमीच त माईकवर सांगतलं, का हे पानी साऱ्यायले देल्लं, आता माहा हक्क नाही म्हणून. मंग आता नाही कायले म्हणता?"

उद्घाटनास मी विधिपूर्वक तडागोत्सर्ग केला होता. तळे खणणाऱ्याने आपला हक्क सोडून ते सर्व प्राणिमात्रांना देऊन टाकायचे, असा हा प्राचीन विधी आहे. दानाचे पाणी सोडल्यानंतर दात्याने मालकी सांगणे म्हणजे दान खोटे ठरविणे. मी नाही म्हणालो असतो तर वाणी असत्य ठरली असती. हो म्हणालो असतो तर तळ्यातील जीव मेले असते. जेसीबी पंचायतीचे असल्याने हेडमास्तरांनाही नकार देणे अवघड होते.

त्याच वेळी जमुना रजिस्टरवर माझी सही घेण्यास आली. ती आठवीची मॉनिटर, तांड्यावरून पायी येणारी. तिने दारातच सर्व ऐकले होते.

"गुरुजी, साऱ्यायले म्हणजे बेंडकायलेबी देल्लं ना?"

"होय," मी म्हणालो. "सर्व प्राणिमात्रांना."

"मंग त्यायले इचारलं कोनं?"

मंदाताई हसल्या. "जाय, बेंडकाची सही घेऊन ये. मंग पाहू."

जमुनाने थट्टा न समजता हे काम अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी तिने ग्रामपंचायतीत एक अर्ज दिला. विषय: शालेय तळ्यात विसर्जन करण्यास हरकत. अर्जदार अकरा, रजिस्टरच्या क्रमाने. पहिला अर्जदार चतुर, शेवटचा गोगलगाय. खाली "अर्जदार अज्ञान असल्याने पालकांची सही" असे लिहून आठवीच्या एकतीस मुलांच्या सह्या. मसुदा मी पाहिला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. आशयास हात लावला नाही.

ग्रामसेवकांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला. मंदाताई संतापल्या.

"साहेब, बेंडकाचा अर्ज तुमी घेतलाच काहून?"

"मॅडम, अर्जदार कोन हाये हे पाह्यचं काम माहं नाही. तारीख हाये, सह्या हायेत, मार्जिन सोडली हाये. आता हा मासिक सभेपुढे ठेवा लागते."

"सभा कधी हाये?"

"विसर्जनानंतर बारा दिवसांनी."

"अन् तोवर?"

"तोवर विषय विचाराधीन."

सरकारी भाषेत विचाराधीन म्हणजे कोणी काही करू नये. त्या एका शब्दाने अकरा जातींना संरक्षण दिले. परंतु मंदाताईंची अडचण खरी होती. मी व हेडमास्तर त्यांच्या घरी गेलो आणि नाल्याच्या वाटेवर मुरूम टाकण्याची विनंती केली. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तीन ट्रॉल्या मुरूम पडला. सासूबाई ट्रॅक्टरमध्ये बसून नाल्यावर आल्या. मी माझ्या घरचा गणपती डोक्यावर घेऊन मागून चालत होतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बेंडकायनं मले गाडीत बसवलं बाप्पा."

तरीही निर्णय सभेचा होता. नवरात्रात दुर्गादेवी बसणार होती, आणि तिचेही विसर्जन होतेच.

सभेच्या दोन दिवस आधी सकाळी प्रार्थना संपत असताना मंदाताई तळे पाहण्यास आल्या. सभेत काय बोलायचे, याची तयारी म्हणून आल्या असाव्यात. जमुनाने त्यांना काठाशी बसलेल्या आठवीच्या मुलांत बसविले आणि ओठांवर बोट ठेवले. लव्हाळ्याच्या काडीवर एक काळपट पिल्लू चढून थांबले होते. त्याची पाठ उकलली. आतून ओले, फिके, चुरगळलेले काहीतरी बाहेर येऊ लागले.

"मेलं का काय व?" मंदाताई कुजबुजल्या.

"नाही बाई. जन्मून राह्यलं."

पहिल्या तासाची घंटा झाली. कोणी उठले नाही. हेडमास्तर रागवायला आले, ते पाहत उभे राहिले. पंखांत हळूहळू ताण आला, काच चढावी तशी चमक आली. सव्वा तास गेला. मंदाताईंची तालुक्याला, झरीला मीटिंग होती. फोन दोनदा वाजला, त्यांनी दोन्ही वेळा बंद केला. मग चतुर एकदा थरथरला आणि उडाला.

"पहिला अर्जदार गेला," जमुना म्हणाली आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

सभेत विषय पुकारला गेला. तळ्यात कोणतेही विसर्जन होणार नाही, असा ठराव झाला. सूचक म्हणून सरपंचांचे नाव आहे. जमुनाचा अर्ज ठरावास जोडून फाइलला लावला आहे. प्रत शाळेत मिळेल.

पस्तीस वर्षांच्या अध्यापनानंतर मी एवढे शिकलो की, दान सर्वांना देताना सर्वांमध्ये कोण कोण येतात याची यादी करून ठेवावी. आणि ती मुलांकडून करून घ्यावी, कारण मोठी माणसे ती आपल्यापाशीच संपवितात.

वाचकहो, आपल्या घरी पाणी निर्मळ राहो, मुलेबाळे निरोगी राहोत आणि आपल्या अंगणात येणाऱ्या प्रत्येक जीवास त्याचा वाटा मिळो. शुभं भवतु.