मांडीवर मूर्ती आणि मागचं डावं चाक

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं काही मी कधी मनाला लावून घेतलं नाही. माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर. चौथीनंतर शाळा सुटली तशी मीही मिठागरावर जाऊ लागले. काळोख पडला की बांधावरून एकटी घरी यायचे. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या झडपेपाशी, पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी असते. मी तिथूनच जायचे. मला बेडकं दिसली, एकदा साप दिसला. बाई कधी दिसली नाही.

म्हणून गेल्या गणपतीत जे झालं ते मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. घरातल्या चौघांना सगळं ठाऊक आहे, तेवढंच. मोबाइलवर लोक असे अनुभव लिहितात, ते मी दुपारी हळूहळू वाचते. आज वाटलं, आपलंही लिहून बघावं. पाठवायला धीर होईल की नाही, माहीत नाही.

लग्न होऊन मी रोह्यापलीकडे अष्टमीत आले. आमचे हे धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये आहेत. धाकटे दीर दिनेशभावजी, त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ती गाडी त्यांनीच आणली. सेकंडहँड, लाल, पार जमिनीला टेकलेली. आधीचा मालक हौशी होता. त्यानं चारही चाकं बाहेर काढून घेतली होती. म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बोटभर जाडीची अल्युमिनियमची चकती घालायची, तिला स्पेसर म्हणतात. मग चाक ज्या खिळ्यांवर बसतं ते, म्हणजे स्टड, आखूड पडतात. ते काढून लांब बसवायचे. भावजींच्या तोंडून ऐकून ऐकून मला हे पाठ झालं होतं.

सासूबाईंनी गाडी पहिल्यांदा बघितली आणि म्हणाल्या, “ही अशी फेंगडी का उभी हाय रे?”

“आई, स्टाइल हाय ती.”

“मला तर जुलाब झालेली म्हैस वाटली.”

भावजी दोन दिवस आईशी बोलले नव्हते.

आता आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे गणपतीची मूर्ती पेणहून आणतात आणि ती मोठ्या सुनेनं मांडीवर घेऊन आणायची असते. कारखान्यात मूर्ती एकदा ताब्यात आली की घराचा उंबरा ओलांडेपर्यंत ती कुठे टेकवायची नाही. आणि जिच्याकडे मूर्ती असेल तिनं वाटेत एक शब्द बोलायचा नाही. इतकी वर्षं सासूबाई आणायच्या. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि तो मान माझ्याकडे आला.

निघताना त्या म्हणाल्या, “तोंडातून शब्द काढलास तर मूर्ती उंबऱ्याच्या आत घेणार नाय मी. आधीच सांगते.”

माझी नणंद वैशालीताई माहेरपणाला आली होती. ती हसायला लागली. “आई, तिला कसली भीती घालतेस गो? वहिनी वर्षभर मौनातच असते. हिला कुणी बोलायला सांगितलं तर नवस मोडेल.”

सगळे हसले. मीही हसले.

आदल्या संध्याकाळी भावजींनी गाडी सजवायला घेतली होती. चाकं उतरवली, स्पेसर घासून चकचकीत केले, गंज धरू नये म्हणून स्टडना तेल चोपडलं आणि नट आवळताना पान्यावर दोन्ही पाय देऊन उभे राहिले. “वहिनी, बघून ठेवा. आता बापजन्मात सुटायचे नाय.” पुढे झेंडूची माळ लावली. गाडी खरोखर छान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पेणला गेलो. भावजी गाडी चालवायला, त्यांच्या शेजारी हे, मागे वैशालीताई आणि मी. मूर्ती शाडूची, दीड फुटाची. दिसायला लहान पण वजनाला चांगलीच. तोंडावरून रेशमी कापड घातलेलं. मी मागे डाव्या बाजूला बसले, मूर्ती मांडीवर आली आणि भावजींनी बाहेरून दार लावलं.

त्या गाडीच्या मागच्या दारांना आतून उघडायची कडीच नव्हती. तिथं मोठाले स्पीकर होते. काचांना काळी फिल्म, आणि त्या खाली होत नसत. सीट एवढी खोल की गुडघे छातीशी येत. जाताना हे काही जाणवलं नव्हतं, कारण मी हलत होते, पाय इकडे तिकडे करत होते. आता दोन्ही हात मूर्तीभोवती, मांडीवर ओझं आणि तोंड बंद. पेणच्या बाजारातून गाडी निघाली तेव्हाच मला वाटलं की आपल्याला कशात तरी घालून वरून झाकण लावलंय.

वडखळ मागे पडलं आणि माझ्या बसण्याखाली आवाज आला. टक्... मग काही नाही. खड्डा असेल म्हटलं. थोड्या वेळानं परत. टक्... टक्... आरतीची गाणी मोठ्यानं लागली होती, त्यामुळे पुढच्यांना ऐकू येत नव्हतं. पण मला तो आवाज कानांतून नाही, कमरेतून येत होता. जणू सीटखालून कुणी बोटाच्या पेरानं वाजवत होतं.

नागोठण्याच्या अलीकडे तो आवाज सरळ रस्त्यावरही येऊ लागला आणि सीट थरथरू लागली. चाकाचं काहीतरी आहे हे मला कळलं.

मी पायानं यांच्या सीटला ढोसलं. यांना वाटलं मला पाय ठेवायला जागा हवी, यांनी सीट पुढे घेतली. मी वैशालीताईला कोपर मारलं. तिनं मूर्तीला हात दिला. “धरली हाय मी, घाबरू नको.” मी मान हलवली, डोळ्यांनी खाली दाखवलं. ती म्हणाली, “डोळे कशाला वटारतेस गो? मी काय केलं?”

भावजींनी आरशात बघितलं. “वहिनी, आलंच आता. पाय भरले काय?”

आणि हे म्हणाले, “लागली असेल तिला.”

“मग सांगायचं ना पेणलाच,” वैशालीताई म्हणाली, आणि तिघं हसले.

मी रडकुंडीला आले होते. बोलले तर मूर्ती घरात घेणार नाहीत, आणि ते पहिल्याच वर्षी, माझ्या हातून. न बोलले तर... पण मला गाडीतलं काय कळतं? भावजी पान्यावर उभे राहिले होते, मी बघितलं होतं. त्यांनाच काही वाटत नाही तर मी कोण? असं करत करत नागोठणं गेलं. गाडी रोह्याच्या रस्त्याला वळली, भिसे खिंडीचा चढ लागला. चढाला गाडी हळू होती, तरी थरथर वाढत होती. आणि मला दिसत होतं की चढ संपला की उतार आहे, वळणं आहेत, एका बाजूला खोल आहे. तिथं चाक गेलं तर आम्ही चौघंही जाणार. मागच्या दोघी तर दार उघडून उडीसुद्धा मारू शकत नव्हतो.

तेव्हा मी ठरवलं. मूर्ती घेवोत न घेवोत, बोलायचं.

तोंड उघडेना.

हे कसं सांगू? घसा कोरडा पडला होता असं नाही. भीतीनं दातखिळी बसते तसंही नाही, ती मी लोकांची बघितली आहे. माझं अंग मोकळं होतं, बोटं हलत होती, श्वास चालू होता. फक्त ओठ एकमेकांवर कुणीतरी दाबून धरल्यासारखे. मी जोर लावला. हनुवटी दुखायला लागली. घामानं डोळे चुरचुरले. वैशालीताईनं ते बघितलं, पदर हातात घेतला आणि माझं तोंड पुसू लागली. “काय झालं गो? उलटी येते का?”

तिचा हात माझ्या ओठांवर होता, आणि त्याच वेळी गाडीत आवाज आला.

“दिन्या, गाडी थांबव. डाव्या अंगाला घे.”

आवाज माझा होता.

माझा, पण मी कधी बोलत नाही तसा. मोठा नाही, ओरडणं नाही. ऐकलंच पाहिजे असा. भावजींना मी लग्नापासून अहोजाहो करते. दिन्या तर त्यांना घरात कुणीच म्हणत नाही. त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला उभी राहिली, आणि उभी राहताना मागून कडकड असं काही मोडलं. माझी बाजू खाली बसली.

भावजी आधी चाकाकडे गेलेच नाहीत. मागे वळून मला म्हणाले, “वहिनी, दिन्या? मी दिन्या?”

हे उतरले, मागे गेले आणि तिथूनच ओरडले, “दिनेश, इकडे ये लवकर!”

चाक तिरपं होऊन वरच्या पत्र्याला टेकलं होतं. चारांपैकी तीन स्टड मुळातून तुटलेले, चौथ्यावर सगळा भार. ते तसं बघून भावजी रस्त्यातच खाली बसले. यांनी माझ्या बाजूचं दार बाहेरून ओढलं तर गाडी खाली बसल्यामुळे ते अडकलेलं. मी आत तशीच, मांडीवर मूर्ती. वैशालीताईला यांनी दुसरं दार बाहेरून उघडून काढलं होतं. मागून गाड्या हॉर्न देत वर येत होत्या. कुणीतरी टेम्पोवाला थांबला, त्यानं आणि यांनी मिळून दार मोकळं केलं आणि मला मूर्तीसकट उचलून बाहेर काढलं. त्याच टेम्पोत बसून आम्ही घरी आलो. भावजी गाडीपाशी राहिले. टेम्पोत ओठ सुटले आहेत हे मला कळलं, जिभेनं चाचपून बघितलं. पण आता मी मुद्दामच बोलले नाही.

सासूबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी नाही, टेम्पो बघून त्यांचा चेहरा उतरला. यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना बोलून गेले, “हिनं थांबवली म्हणून वाचलो.”

“हिनं?” सासूबाईंनी ताट खाली केलं. “म्हणजे बोलली ती?”

मला उंबऱ्याबाहेर उत्तर देता येत नव्हतं. मी मूर्ती छातीशी घट्ट धरली. मूर्ती पडेल की काय असं झालं.

मग वैशालीताई पुढे झाली. नेहमीसारखी हसत नव्हती. “आई, आवाज आला, मी पण ऐकला. हिचाच आवाज. पण माझा हात हिच्या तोंडावर होता. ओठ हलले नाहीत. गळ्याची शप्पथ.”

सासूबाईंनी ताट परत वर उचललं. मग वाट सोडून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आत ये गो. उन्हाची उभी राहू नको.”

मूर्ती पाटावर ठेवली आणि मी मागच्या पडवीत जाऊन पोटभर रडले.

चाकाचं काय झालं ते नागोठण्याच्या फिटरनं भावजींना सांगितलं. तेल लावलेला नट जोरानं आवळला की तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, स्टड ताणला जातो आणि आतून चिरतो. त्यात स्पेसरमुळे चाक बाहेर, म्हणजे भारही जास्त. दोन-चार वळणं अजून गेली असती तर चाक सुटलंच असतं. भावजींनी स्पेसर काढून टाकले. आता गाडी साधी दिसते आणि ते तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. तेवढ्याचा उलगडा झाला.

आवाजाचा झाला नाही. हे म्हणतात मागच्या सीटवरून आला. भावजी म्हणतात अगदी कानाशी, कुणी मान पुढे करून बोलावं तसा. वैशालीताई म्हणते तिला गाण्यांच्या वरून ऐकू आला, आणि गाणी तेव्हा केवढी मोठी होती. एकदा भावजींनी हट्टच धरला, “वहिनी, तसंच म्हणून दाखवा ना एकदा.” मी लाजत लाजत म्हटलं. हे म्हणाले, हाच आवाज. भावजी म्हणाले, छे, हा नव्हे. सासूबाई उठून आत गेल्या.

यंदाही मूर्ती मीच आणायची असं ठरलंय. देवानं तुझ्या आवाजात हाक दिली, असं सासूबाई आता शेजारणींना अर्धवट सांगतात. असेलही तसं. मी नाही म्हणत नाही.

पण सगळे मला एवढंच विचारतात की बोललं कोण. त्याच्या आधी, मी जीव तोडून बोलायला बघत होते तेव्हा माझं तोंड कोणी धरून ठेवलं होतं, हे अजून कुणी विचारलं नाही. आणि ते दोघं एकच होते की वेगळे, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.